स्कोव्हिल यांचा आकडा आणि पर्समधला फवारा

पेपर स्प्रेचा डबा हातात घेतला तर त्यावर एक मोठा आकडा ठळक छापलेला दिसतो. वीस लाख एसएचयू, कधी तीस लाख, कधी पन्नास लाखांच्याही पुढे. आकडा जितका मोठा तितका फवारा जबरदस्त, असा घेणाऱ्याचा समज होतो आणि विकणाऱ्यालाही तो व्हायला हवाच असतो. या तीन अक्षरांतला ‘एस’ म्हणजे स्कोव्हिल. हॉट सॉसच्या बाटल्यांमुळे आणि जगातली सर्वांत तिखट मिरची कोणती या बातम्यांमुळे हे आडनाव घरोघरी पोहोचले, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला माहीत नाही. विल्बर स्कोव्हिल यांनी आयुष्यात पेपर स्प्रे पाहिला नव्हता. ते औषधनिर्माते होते आणि त्यांची सारी धडपड एका साध्या गोष्टीसाठी होती. बाटलीवर जे लिहिले आहे तेच आणि तेवढेच बाटलीत असावे. त्यांच्या नावाचा आकडा आज ज्या डब्यांवर मिरवतो, त्या डब्यांबाबत नेमकी हीच खात्री देता येत नाही.

विल्बर लिंकन स्कोव्हिल यांचा जन्म २२ जानेवारी १८६५ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे झाला. यादवी युद्ध संपत आले होते आणि अब्राहम लिंकन अध्यक्ष होते. मुलाच्या नावात लिंकन आले ते अशा काळात. पुढे ते बॉस्टनला गेले, मॅसॅच्युसेट्स कॉलेज ऑफ फार्मसीत औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि नंतर त्याच संस्थेत शिकवू लागले. १८९१ मध्ये त्यांचे लग्न झाले, दोन मुली झाल्या. घरगुती आयुष्यात नाट्यमय असे काही नव्हते.

त्या काळचे औषधाचे दुकान आजच्यासारखे नव्हते. गोळ्यांच्या पट्ट्या नव्हत्या. डॉक्टर चिठ्ठीवर घटक आणि प्रमाण लिहून देत आणि औषधनिर्माता ते वजन करून, खलून, गाळून, मिसळून औषध तयार करी. आपल्याकडे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. दवाखान्यात पडद्यामागे बसून लाल-गुलाबी मिक्श्चर बनवणारा आणि बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर त्यांनी पाहिलेला असतो. त्या पट्टीवरच्या खुणेला फार महत्त्व होते. बाटली न हलवता औषध घेतले, तर पहिल्या डोसात पाणी आणि शेवटच्या डोसात सारा साका, असे होऊ शकत असे. साक्यात कुचल्यासारखे काही असेल तर शेवटचा डोस जिवावर बेतायचा.

ही मिसळण्याची विद्या शिकवण्यासाठी स्कोव्हिल यांनी ‘द आर्ट ऑफ कंपाउंडिंग’ हे पुस्तक लिहिले. ते १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते तीस वर्षांचे होते. न मिसळणारे पदार्थ एकजीव कसे करावेत, मलम गुठळ्या न होता कसे बनवावे, गोळी पोटात विरघळेल पण हातात फुटणार नाही अशी कशी वळावी, असल्या विषयांचे ते पुस्तक. ते लेखकाच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे औषधनिर्मात्यांच्या हाताशी राहिले. त्यात एक छोटी नोंद आहे, ती आजच्या विषयाशी जोडलेली. तिखटाच्या आगीवर उतारा म्हणून दूध प्यावे, हा सल्ला छापील स्वरूपात देणाऱ्या सुरुवातीच्या ग्रंथांत या पुस्तकाचा उल्लेख होतो. दुधाकडे आपण पुढे परत येऊ, कारण त्यावरून आजही गोंधळ होतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्कोव्हिल बॉस्टन सोडून डेट्रॉइटला पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत गेले. बेनाड्रिल आणि क्लोरोमायसेटिन या औषधांमुळे हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला परिचित आहे. मुंबईत साकीनाक्याला या कंपनीचा कारखाना होता. पण ती औषधे नंतरची. स्कोव्हिल यांच्या काळात पार्क-डेव्हिसची ख्याती होती ती प्रमाणीकरणासाठी. औषधे तेव्हा मुख्यतः वनस्पतींपासून येत, आणि वनस्पती काही कारखान्यात बनत नाहीत. एका शेतातली मुळी कडक, दुसऱ्या शेतातली मवाळ. यंदाचे पीक तिखट, गेल्या वर्षीचे सपक. मग दहा थेंब म्हणजे नेमके किती औषध? १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला आणि अधिकृत ग्रंथातल्या औषधाने ठरलेल्या कसोटीला उतरलेच पाहिजे, असे बंधन पडले. कंपन्यांना मोजणारी माणसे हवी होती आणि स्कोव्हिल यांचा पिंडच मोजणाऱ्याचा होता.

मिरची तेव्हा औषधांत भरपूर वापरली जाई. सांधेदुखी-पाठदुखीवरची मलमे, अंगाला चिकटवायचे लेप, अपचनावरचे अर्क अशा अनेक गोष्टींत ती असे. मलमातला तिखटपणा कमी पडला तर रुग्ण पैसे वाया गेले म्हणतो, जास्त झाला तर कातडी भाजते. कारखान्यात मिरची येई आफ्रिकेतून आणि जपानमधून, पोत्यापोत्याला निराळी. तिच्यातले तिखट द्रव्य ठाऊक होते. इंग्लंडमधले जॉन थ्रेश यांनी ते १८७६ मध्ये स्फटिकरूपात वेगळे करून त्याला कॅप्सेसिन हे नाव दिले होते. पण पोत्यातल्या मिरचीत ते किती आहे हे सांगणारी भरवशाची रासायनिक परीक्षा नव्हती.

स्कोव्हिल यांनी मग जीभच उपकरण म्हणून वापरली. १९१२ मध्ये अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी मिरचीवर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. पद्धत अशी : दळलेली मिरची मोजून घ्यायची, रात्रभर अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची, सकाळी गाळायची. तो अर्क साखरेच्या पाण्यात थोडा थोडा घालून पातळ करत जायचे, चाखत जायचे. जिभेला अगदी पुसटसा पण नक्की तिखटपणा जाणवतो त्या टप्प्यावर थांबायचे आणि किती पट पातळ केले ते लिहून ठेवायचे. झाला आकडा. जपानची मिरची वीस ते तीस हजार, झांझिबारची चाळीस ते पंचेचाळीस हजार, मोंबासाची पन्नास हजार ते एक लाख. पुढे या पद्धतीला शिस्त आली. पाच जणांचे पथक ठेवायचे आणि त्यातल्या तिघांचे एकमत मानायचे, असा नियम रूढ झाला.

हा आकडा म्हणजे काय ते चमच्याने पाहू. वीस हजार एसएचयू म्हणजे चहाचा एक चमचा अर्क शंभर लिटर साखरपाण्यात टाकला की तिखटपणा नाहीसा होण्याच्या बेतात येतो. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा सुमारे एक कोटी साठ लाख. त्याच्या एका चमच्याला ऐंशी हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर. जीभ इतकी तल्लख असते. तिच्या मर्यादाही उघड आहेत. दोन-तीन घोटांनंतर ती थकते आणि लहानपणापासून लवंगी मिरची खाल्लेल्याची जीभ एक सांगते, गोडं वरण खाणाऱ्याची दुसरे. तरीही त्या काळात यापेक्षा चांगले साधन नव्हते. माझ्या मते या टिपणाचे मोठेपण आकड्यात नाही. पोत्यापोत्यातला फरक मोजल्याशिवाय औषध बाहेर पाठवायचे नाही, या हट्टात ते आहे.

मिरची झोंबते म्हणजे शरीरात नेमके काय घडते, हे मात्र त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. ते समजायला १९९७ साल उजाडले. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूंच्या टोकांवरचा एक ग्राही रेणू शोधून काढला. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की हा दरवाजा उघडतो आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. कॅप्सेसिन या दरवाजाला बाहेरून किल्ली लावते. तापमान वाढलेले नसते, पण मेंदूला आग लागल्याचाच निरोप मिळतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांमध्ये हा दरवाजा कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो.

हे सारे खोटे निरोप असते, तर पेपर स्प्रेबद्दल लिहिण्यासारखे फारसे उरले नसते. पण हा निरोप दोन्ही दिशांनी जातो. डिवचलेली मज्जातंतूंची टोके स्वतःच काही रसायने आजूबाजूला सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते, त्वचा लाल होते, पापण्या सुजतात. श्वासनलिकांत तेच घडले की त्यांचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि श्लेष्मा वाढतो. सुरुवात निरोपाने झाली तरी सूज खरी असते. फोडणीत मिरची जळली की घरभर ठसका लागतो, तो याच यंत्रणेचा सौम्य अवतार. फवाऱ्यात तो ठसका अनेक पटींनी आणि थेट तोंडावर येतो.

डोळ्यांवर त्याचा परिणाम तत्काळ दिसतो. पापण्या घट्ट मिटतात, उघडता उघडत नाहीत, पाण्याच्या धारा लागतात. निरोगी माणसात ही अवस्था साधारणपणे अर्ध्या ते एका तासात ओसरते. फवाऱ्याचा हेतू तेवढाच असतो, पळून जायला अवधी मिळावा. फिनलंडमध्ये स्वेच्छेने फवारा घेतलेल्या पोलिसांच्या डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा एकदाच्या फवाऱ्याने कायमची इजा झालेली आढळली नाही. मात्र बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, संवेदना काही दिवस बोथट राहिली होती. इथेच धोका दडलेला आहे. ज्या डोळ्याला लागलेले कळत नाही, तो माणूस डोळा चोळतो आणि पारपटलावर ओरखडे पाडून घेतो. फवारा फार जवळून मारला तर रसायनापेक्षा द्रवाच्या धारेचा जोरच डोळ्याला इजा करू शकतो.

मिरचीचा अर्क हत्यार म्हणून डब्यात कसा शिरला, ते थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतले पोस्टमन चावऱ्या कुत्र्यांसाठी मिरचीच्या अर्काचा फवारा बाळगू लागले. १९८७ मध्ये एफबीआय या तपास संस्थेने तो आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्वीकारला आणि तिच्या शिफारशीवर विसंबून देशभरच्या पोलिसांनी तो घेतला. पुढे उघड झाले की, या फवाऱ्याची भलामण करणाऱ्या अभ्यासामागे असलेल्या अधिकाऱ्यानेच एका उत्पादकाकडून ५७,५०० डॉलर घेतले होते. १९९६ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. म्हणून फवारा घातक ठरत नाही. पण त्याच्या सुरक्षिततेबद्दलचा पहिला विश्वास कशावर उभा होता, ते यातून कळते.

आता डब्यावरच्या त्या आकड्याकडे. वीस लाख एसएचयू असे छापलेले असते, तेव्हा तो आकडा बहुधा डब्यातल्या द्रवाचा नसतो. तो असतो मिरचीपासून काढलेल्या दाट, राळेसारख्या अर्काचा, द्रावकात मिसळण्याआधीचा. हा अर्क द्रवात दहा टक्के घातला तर प्रत्यक्ष फवाऱ्याची तीव्रता दोन लाखांवर येते. पाच टक्के घातला तर एक लाखावर. उलट एखादा उत्पादक पंधरा टक्के असे अभिमानाने छापतो, पण त्याचा मूळ अर्क पाच लाखांचाच असेल, तर फवारा पंचाहत्तर हजारांचा. म्हणजे टक्केवारी मोठी असून फवारा सौम्य आणि छोटी असून जहाल, हे दोन्ही शक्य आहे. अर्थ असलेला आकडा एकच, डब्यातल्या एकूण द्रवात कॅप्सेसिन आणि त्याच्या भाऊबंदांचे प्रमाण किती टक्के आहे तो. अनेक डब्यांवर नेमका तोच नसतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये मिरच्या, अर्क आणि बाजारातले फवारे तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्पादनागणिक या द्रव्याच्या प्रमाणात फरक आढळले.

अमेरिकेतच एक गमतीचा विरोधाभास आहे. जंगलात अस्वलापासून बचावासाठी जो मिरचीचा फवारा विकतात, त्यावर तिथल्या पर्यावरण संस्थेची देखरेख असते आणि त्यातले तिखट द्रव्य एक ते दोन टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावे लागते. माणसावर मारायच्या फवाऱ्यावर अशी केंद्रीय देखरेख नाही. अस्वलाला किती डोस बसेल ते सरकारला माहीत असते, माणसाचे मात्र डब्यावर भरवसा ठेवून चालते. ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकाला असा फवारा बाळगायलाच मनाई आहे. आपल्याकडे तो परवान्याशिवाय मिळतो, विमानात मात्र सोबत नेता येत नाही.

मग हा फवारा धोकादायक आहे की नाही? सरळ उत्तर द्यायचे तर बहुतेकांसाठी तो वेदनादायक आणि तात्पुरता आहे, काहींसाठी गंभीर. कॅलिफोर्नियाच्या विषबाधा सल्ला केंद्राकडे २००२ ते २०११ या दहा वर्षांत आलेल्या ३,६७१ प्रकरणांचा अभ्यास झाला. त्यांतल्या २४९ जणांना, म्हणजे साधारण पंधरांत एकाला, डॉक्टरांनी तपासावे इतका त्रास झाला होता. मृत्यू एकही नव्हता. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने २००३ मध्ये, फवारा वापरल्यानंतर पोलिसांच्या ताब्यात झालेल्या ६३ मृत्यूंचा आढावा प्रसिद्ध केला. बहुतेकांमागे अमली पदार्थ, आधीचे आजार, झटापट अशी कारणे निघाली. दोन मृत्यूंत फवाऱ्याचा हात असल्याचे मानले गेले आणि त्या दोघांनाही दमा होता. २०१७ मध्ये अश्रुधूर आणि मिरचीचे फवारे या दोहोंवरच्या, ११ देशांतल्या ३१ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ५,१३१ जखमींपैकी दोघांचा मृत्यू आणि ५८ जणांना कायमचे अपंगत्व आल्याची नोंद आहे. कायमच्या इजा होण्यामागे मुख्य कारणे म्हणजे रसायन भरलेल्या नळकांड्यांचा आणि गोळ्यांचा मार, बंदिस्त जागा आणि फार वेळ चाललेला संपर्क. २००४ मध्ये बॉस्टनमध्ये, जिथे स्कोव्हिल यांनी औषधे मिसळायला शिकवले त्याच शहरात, बेसबॉलच्या जल्लोषात पोलिसांनी झाडलेली मिरचीद्रव्याची गोळी डोळ्यात शिरून २१ वर्षांची एक विद्यार्थिनी मरण पावली. मारले ते गोळीच्या वेगाने.

बंदिस्त जागेचे उदाहरण आपल्या संसदेनेच दिले आहे. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयकाच्या गदारोळात एका खासदाराने लोकसभेत पेपर स्प्रे मारला. खोकत, डोळे पुसत सदस्य बाहेर धावले आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले. एवढ्या मोठ्या सभागृहाची ही गत. लिफ्टमध्ये, रिक्षात किंवा काचा वर केलेल्या गाडीत फवारा मारला, तर मारणारा आणि ज्याच्यावर मारला तो, दोघेही एकाच हवेत अडकतात.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मिरचीचे रुग्ण आम्हाला नवे नाहीत. डोळ्यांत मिरचीपूड टाकून लुटले, ही बातमी तुम्ही वाचता, ती माणसे आमच्याकडे येतात. अलीकडे त्यांत डब्यातल्या फवाऱ्याची भर पडली आहे आणि माझ्या पाहण्यात तरी हल्लेखोरांपेक्षा घरातली माणसेच जास्त येतात. आईच्या पर्समधला डबा खेळणे समजून दाबणारे मूल, चालतो की नाही हे बघण्यासाठी खोलीतच फवारा मारून पाहणारा तरुण, वाऱ्याची दिशा न पाहिल्याने स्वतःच्याच तोंडावर फवारा घेतलेली मुलगी. या मुलीला मी फवारा टाकून दे असे सांगत नाही. रात्रपाळी करून एकटीने घरी जाणाऱ्या बाईला डॉक्टरने तसे सांगू नये. चाकू किंवा आणखी कशापेक्षा हे साधन दोघांसाठीही कमी धोक्याचे आहे. पण ते औषधासारखेच समजून घेऊन बाळगावे. डब्यावरची मुदत पाहावी, कारण मुदत संपली की आतला दाब कमी होतो आणि नेमक्या वेळी धार निघत नाही. वारा पाठीमागून असावा, अंतर दीड-दोन मीटर असावे, एक-दोन सेकंदांची धार पुरे, आणि मारल्यावर तिथे थांबू नये, निघावे. नशेत असलेल्या किंवा बेभान झालेल्या माणसावर फवाऱ्याचा परिणाम कमी होतो किंवा उशिरा होतो, हेही ध्यानात असावे. स्वतःला दमा असेल तर इन्हेलर फवाऱ्याच्या शेजारीच ठेवावा.

फवारा लागला तर काय करावे, इथे स्कोव्हिल यांचे दूध परत येते. जिभेवरच्या तिखटाला दूध उतारा आहे हे खरे, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि दुधातले प्रथिन त्याला धरून घेऊन जाते. पण तो सल्ला जिभेचा आहे. डोळ्यांत दूध ओतू नये. ते निर्जंतुक नसते आणि ओरखडा पडलेल्या डोळ्यात जंतुसंसर्गाला निमंत्रण मिळते. शिवाय त्याचा विशेष उपयोगही दिसत नाही. २००८ मध्ये ४९ स्वयंसेवकांच्या चेहऱ्यावर फवारा मारून दूध, बाळांचा शॅम्पू, आम्लपित्तावरचे औषध, बधिर करणारे जेल आणि साधे पाणी यांची तुलना झाली. वेदना कमी होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, खरा गुण वेळेनेच दिला. म्हणून भरपूर स्वच्छ पाणी घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे उघडझाप करत धुवावेत. त्याआधी मोकळ्या हवेत यावे, हात साबणाने धुवावेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढून टाकाव्यात, पुन्हा लावू नयेत. भिजलेले कपडे डोक्यावरून ओढून न काढता कापून किंवा बटणे सोडून काढावेत. त्वचा साबणाने धुवावी. तेल, तूप, लोणी चोळू नये, त्यांत कॅप्सेसिन विरघळते आणि अंगभर पसरते. तासाभरानंतरही डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल, प्रकाश सहन होत नसेल, छातीत घरघर असेल किंवा आवाज घोगरा होऊन श्वास अडत असेल तर रुग्णालय गाठावे. दमेकऱ्याने तासाची वाट पाहू नये. आणि डबा सोबत आणावा, आत काय आहे हे वाचायला आम्हाला मदत होते, छापलेले असेल तर.

स्कोव्हिल यांना हयातीत मान मिळाला तो काही मिरचीमुळे नाही. औषधनिर्माणशास्त्रातल्या संशोधनासाठी १९२२ मध्ये त्यांना अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनचे एबर्ट पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये त्या क्षेत्रातले मोठे समजले जाणारे रेमिंग्टन पदक आणि कोलंबिया विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, दोन्ही एकाच वर्षी. सुगंधी अर्क आणि अत्तरे बनवण्यावरही त्यांचे एक पुस्तक आहे. जीभ आणि नाक या दोन्ही इंद्रियांशी त्यांचे चांगले जमत असावे. १० मार्च १९४२ रोजी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल येथे वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे त्यांची पद्धत मागे पडली. आता एचपीएलसी नावाचे यंत्र द्रवातले कॅप्सेसिन थेट मोजते. दहा लाख भागांत ते किती भाग आहे हे काढून त्याला साधारण सोळाने गुणले की एसएचयू मिळतात. म्हणजे मोजते यंत्र, पण आकडा सांगतात त्यांच्याच भाषेत. आणि ज्या मलमांसाठी त्यांनी हा खटाटोप केला ती मिरची औषधात टिकून आहे. नागीण बरी झाल्यावर महिनोन् महिने मागे राहणाऱ्या वेदनेसाठी आठ टक्के कॅप्सेसिनची चिकटपट्टी अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झाली. पेपर स्प्रेपेक्षा कितीतरी तीव्र असे ते द्रव्य हातमोजे घातलेली परिचारिका त्वचेच्या आखून घेतलेल्या भागावर लावते, घड्याळ लावून तासाभराने काढते, जागा पुसून घेते आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा लावत नाही. चेहऱ्यावर आणि डोळ्यांजवळ ती लावायची नसते.